टाचणात न मावणारं: भाषाशिक्षकाने स्वतःसाठी ब्लॉग कसा लिहावा

"बाई, मी आधी 'गरीब' लिहिलं, मग त्याला 'आला' लावलं."

आठवीतली एक मुलगी हे म्हणाली तेव्हा तिची निबंधाची वही माझ्या हातात होती आणि 'गरीबाला' या शब्दाभोवती माझ्या लाल पेनाचा गोल होता. तीनच दिवसांपूर्वी मी फळ्यावर नियम लिहून दिला होता: शब्दातल्या शेवटून दुसऱ्या अक्षराचा इ-कार किंवा उ-कार दीर्घ असेल, तर सामान्यरूप होताना, म्हणजे प्रत्यय लागण्यासाठी शब्दाचं रूप बदलताना, तो ऱ्हस्व होतो. फूल-फुलाला, वीट-विटेवर, गरीब-गरिबाला. स्वाध्यायात सगळ्या वर्गाने बरोबर उत्तरं लिहिली होती. निबंधात मात्र पुन्हा 'फूलाला', 'वीटेवर', 'गरीबाला'. मला वाटत होतं मुलं निष्काळजी आहेत. त्या मुलीच्या एका वाक्याने कळलं की तिच्या डोक्यात 'गरीब' हा शब्द तयार छापासारखा बसलाय आणि ती फक्त मागे शेपूट जोडतेय. नियम तिला येत होता, पण लिहिताना हात नियमाच्या वाटेने जातच नव्हता.

हे वाक्य मी त्याच दिवशी वहीत उतरवलं आणि पुढे ते ब्लॉगवर आलं. नाहीतर पुढच्या बदली तासापर्यंत विसरून गेले असते. आता हा लेख लिहितेय तो अशा ब्लॉगबद्दल: शिक्षकाने स्वतः शिकण्यासाठी लिहिलेल्या. मी मराठी शिकवते, त्यामुळे उदाहरणं मराठीचीच येतील. हिंदी, इंग्रजी, संस्कृत शिकवणाऱ्यांनी आपापली घालावीत.

कोणता ब्लॉग नको

महाराष्ट्रात शिक्षकांचे ब्लॉग काही कमी नाहीत. 22 जून 2015 च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' शासन निर्णयानंतर 'तंत्रस्नेही शिक्षक' हा शब्द शाळांच्या केंद्राकेंद्रात पोचला आणि ब्लॉगांचं पेवच फुटलं. शासन निर्णय, प्रश्नपत्रिका, नमुना अहवाल, सुट्ट्यांची यादी आणि अर्थातच वर्णनात्मक नोंदी. 20 ऑगस्ट 2010 च्या निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हा प्रत्येक मुलाचं निरीक्षण करून शिक्षकाने स्वतःच्या शब्दांत नोंद करावी अशी अपेक्षा होती. आपण काय केलं? 'वाचन स्पष्ट व शुद्ध करतो', 'कविता तालासुरात म्हणतो' अशा तयार नोंदींची पीडीएफ एकमेकांना पाठवली. मूल न पाहताही त्याच्याबद्दल लिहिता येण्याची सोय झाली.

माझाही पहिला ब्लॉग याच जातीचा होता. आठ महिने मी तयार निबंध, पत्रलेखनाचे नमुने आणि 'वृक्षारोपण कार्यक्रमाचा अहवाल' टाकत राहिले. जूनमध्ये भेटींचा आकडा असा चढायचा की मी दिवसातून चारदा बघायचे. असे ब्लॉग लोकांच्या उपयोगी पडतात, नाही म्हणत नाही. पण त्या आठ महिन्यांत माझ्या शिकवण्यात काडीचाही फरक पडला नाही. दुसऱ्याची अडचण भागवणं हे एक काम आणि स्वतःचा तास तपासणं हे दुसरं. एकाच ब्लॉगवर दोन्ही ठेवलीत तर आकड्यांच्या मोहात दुसरं काम हमखास मागे पडतं. सेवेचा ब्लॉग चालवायचा असेल तर खुशाल चालवा, पण तो वेगळा ठेवा.

पहिले दोन आठवडे ब्लॉग उघडूच नका

सुरुवात वहीने करा. दोनशे पानी, खिशात न मावणारी चालेल, पण टाचणवही नव्हे. टाचण आपण तासाआधी लिहितो, त्यात काय घडावं ते असतं. या वहीत घडलं ते उतरवायचं. दोन्ही शेजारी ठेवली की तफावत दिसते, आणि ती तफावत हाच पुढे आपला कच्चा माल.

दिवसाला एकाच तासाबद्दल चार ओळी पुरेत. त्यातली एक ओळ मात्र सक्तीची: वर्गात कोणीतरी म्हटलेलं एक वाक्य, जसंच्या तसं. 'मुलांना अडचण आली' हे वाक्य कामाचं नाही. 'बाई, कवितेत तो मेला का नाही ते सांगा आधी' हे कामाचं. मुलाची बोली सुधारून लिहू नका. 'पानी' म्हणाला असेल तर 'पानी'च लिहा. ण-न चा घोळ हाच कदाचित महिन्याभराने तुमचा विषय होईल.

लिहायचं कधी? मधली सुट्टी मला जमली नाही. डबा, भांडणं, कुणाचं तरी नाक फुटलेलं. शाळा सुटल्यावर बसथांब्यावरची दहा मिनिटं जमली. तुम्ही तुमची दहा मिनिटं शोधा. पण रात्री जेवणानंतर लिहीन असं म्हणू नका, तोवर शब्द उडून जातात आणि फक्त मत उरतं. अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड शॉन यांनी 1983 साली काम करता करता होणारा विचार आणि काम झाल्यावर केलेला विचार असे दोन प्रकार मांडले. पस्तीस मिनिटांच्या तासात, साठ मुलांसमोर, पहिल्या प्रकाराला जागा फारशी नसते. म्हणून दुसऱ्याला तरी ती ठरवून द्यायची.

दोन आठवड्यांनी वही वाचा. पेन्सिल घेऊन, एकाच प्रकारच्या नोंदींना खूण करत. माझ्या वहीत दहापैकी सहा दिवस कुठल्या ना कुठल्या रूपाने सामान्यरूप आलं होतं. तोच माझ्या सत्राचा विषय ठरला.

एका सत्राला एक प्रश्न

'माझे शैक्षणिक अनुभव' असं नाव देऊन ब्लॉग सुरू केला की तिसऱ्या नोंदीनंतर काय लिहावं ते सुचत नाही. जूनपासून दिवाळीपर्यंत एक प्रश्न धरा, दिवाळीनंतर दुसरा. प्रश्न इतका लहान हवा की एका वाक्यात मावेल आणि वर्गात रोज दिसेल. 'मुलांचं लेखनकौशल्य कसं सुधारेल' हा प्रश्न नाही, ते भाषणाचं शीर्षक आहे. 'नियम येत असूनही मुलं निबंधात तीच चूक का करतात' हा प्रश्न झाला. आणखी काही सुचवते: प्रकट वाचनात मागच्या बाकावरची मुलं कुठे थांबतात? कवितेचा अर्थ मी सांगण्याआधी मुलांना विचारला तर काय येतं? इंग्रजी माध्यमातली मुलं मराठी वाक्य मनात कुठल्या भाषेत जुळवतात?

हा शेवटचा प्रश्न आता पुष्कळांच्या दारात आहे. 2020 च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या माध्यमांच्या, सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. 'मी माझा गृहपाठ केलो' असं लिहिणाऱ्या मुलासमोर उभं राहण्याची तयारी आपल्यातल्या कितीजणांना डी.एड., बी.एड.ला मिळाली होती? ज्या विषयावर आयती उत्तरं कमी असतात, त्यावर ब्लॉग लिहिण्यात जास्त मजा आहे.

ब्लॉग उभा करणं

हे काम अर्ध्या तासाचं आहे, त्यात आठवडा घालवू नका. ब्लॉगर फुकट आहे. 1999 पासून चालू, 2003 मध्ये गूगलने घेतलं. तुमच्या जीमेलनेच उघडतं. वर्डप्रेस दिसायला देखणं, पण फुकटच्या आवृत्तीत जाहिराती येतात. मी ब्लॉगरवर आहे. सेटिंग्जमध्ये भाषा मराठी ठेवा, पार्श्वभूमी पांढरी ठेवा, सरकणाऱ्या पट्ट्या आणि नाचणारी फुलं लावू नका. सुरुवातीला ब्लॉग खासगी ठेवण्याची सोय आहे: तुम्ही ज्यांना ईमेलने बोलावाल तेच वाचू शकतात. पहिल्या पाच नोंदी होईपर्यंत ती जरूर वापरा.

शाळेचं नाव ब्लॉगच्या नावात किंवा पत्त्यात घालू नका. तुमची बदली होईल, ब्लॉगची होणार नाही.

टंकलेखनाबद्दल मात्र थोडं थांबून सांगते, कारण भाषेच्या शिक्षकाचा ब्लॉग अशुद्ध दिसला तर वाचक पहिल्या ओळीलाच परत जातो. जुन्या संगणकावर श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये केलेला मजकूर तसाच चिकटवला तर वाचकाला भलतीच चिन्हं दिसतात. तो युनिकोडमध्ये बदलून घ्यावाच लागतो. फोनवर बोलून टंकता येतं आणि वेळ पुष्कळ वाचतो, पण ऱ्हस्व-दीर्घ आणि विरामचिन्हं हाताने तपासा. 'सुऱ्या' आणि 'सूर्या' यांतला फरक आपण वर्गात शिकवतो, तो ब्लॉगवरही दिसला पाहिजे. संगणकावर इन्स्क्रिप्ट कळफलक असेल तर शिफ्ट आणि जे दाबून ऱ, मग डी म्हणजे हलन्त, मग य, की झालं 'ऱ्य'. तसंच 'ॲ' हे अक्षर एकसंध टंका. 'अ'ला वरून चंद्र जोडला तर दिसायला तेच, पण शोधताना सापडत नाही. 'वऱ्हाड'च्या जागी 'वर्‍हाड' टंकणारेही भेटतील. तेही डोळ्याला सारखंच दिसतं, शोधयंत्राला नाही.

पहिली नोंद: आधी वाईट, मग बरी

माझ्या जुन्या सवयीने लिहिलेला पहिला मसुदा असा होता:

"आज इयत्ता आठवीमध्ये सामान्यरूप हा घटक आनंददायी पद्धतीने शिकवला. विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला. सर्व विद्यार्थी कृतीत रमून गेले. अध्ययन निष्पत्ती साध्य झाली."

ही चार वाक्यं तुम्ही कुठल्याही शाळेच्या, कुठल्याही घटकाच्या खाली चिकटवू शकता. एकही खोटं नाही, पण त्यात वर्गच नाही. 'उत्स्फूर्त प्रतिसाद' म्हणजे नेमकं कोण काय बोललं? मी तो मसुदा पुसला आणि वही उघडून हे लिहिलं:

"सोमवारी सामान्यरूपाचा नियम शिकवला. स्वाध्यायातली दहाही रूपं जवळपास सगळ्यांची बरोबर. मला वाटलं, झालं. गुरुवारी 'मी पाहिलेली यात्रा' निबंध घेतला, तर तेच शब्द चुकलेले. एका मुलीला विचारलं. म्हणाली, 'मी आधी गरीब लिहिलं, मग त्याला आला लावलं.' शेजारची म्हणाली, 'स्वाध्यायात कंसात शब्द दिलेला असतो ना बाई, मग नियम आठवतो.' म्हणजे कंस दिसला की नियम, कंस नाही तर नियम नाही. मी नियम कंसाला बांधून ठेवला होता. विठ्ठलाच्या आरतीतलं 'विटेवरी' सगळ्यांनी म्हणून दाखवलं, तिथे कोणीही 'वी' लांबवली नाही. कानाला येतंय, हाताला येत नाहीये. पुढच्या सोमवारी कंस न देता, वाक्य ऐकवून लिहायला सांगणार आहे. बघू."

नोंद एवढीच. नीट पाहिलंत तर तिच्यात मला काय घडेल असं वाटलं होतं ते आहे, प्रत्यक्षात काय घडलं ते आहे, दोन मुलींचे शब्द आहेत, कारणाचा एक अंदाज आहे आणि पुढच्या तासाची एक ठोस गोष्ट. या गोष्टी असल्या की नोंद दीडशे शब्दांची असो की सहाशेंची, चालते. अंदाज चुकीचा ठरला तरी हरकत नाही. किंबहुना तो चुकायला मोकळा राहावा म्हणून 'बघू' असं लिहायचं, 'यावरून सिद्ध होते की' असं नाही. सिद्ध करायला आपण पीएच.डी. करत नाही आहोत.

आणि ही बघा त्याच्या पुढची गंमत. सोमवारी ऐकून लिहिलेल्या वाक्यांत 'गरिबाला', 'फुलाला' पुष्कळ सुधारलं. पण एका मुलाने 'शरिराला' लिहिलं, दुसऱ्याने 'गितात'. याआधी ते दोघं 'शरीराला' आणि 'गीतात' बरोबर लिहायचे! मी शिकवलं म्हणून चूक वाढली होती. तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांना हा नियम लागत नाही: शरीर-शरीराला, गीत-गीतात, परीक्षा-परीक्षेला. हा अपवाद मी सांगितलेला नव्हता असं नाही, 'आणि तत्सम शब्द सोडून' असं तासाच्या शेवटी घाईत म्हटलं होतं, घंटेच्या आवाजात. शिवाय 'शरीराला' उच्चारताना 'री' लांब की आखूड हे कानाला ठाम कळतच नाही, त्यामुळे माझा कानाचा उपाय इथे लंगडा. दुसरी नोंद मी 'शिकवल्यामुळे वाढलेली चूक' या नावाने लिहिली. माझ्या ब्लॉगवर सगळ्यात जास्त बोललं गेलं ते तिच्यावर.

यशाच्या नोंदी लिहूच नका असं म्हणत नाही. पण तीन फसलेल्या तासांमागे एक जमलेला, असं प्रमाण ठेवलं तर ब्लॉग खरा वाटतो आणि लिहायलाही सोपा जातो. फसलेल्या तासाबद्दल सांगण्यासारखं जास्त असतं.

नोंद तयार उत्तरं देणाऱ्या एखाद्या एआय सहायकाकडून लिहून घ्यावी का, असं मला एका तरुण सहकाऱ्याने विचारलं. शुद्धलेखन तपासून घ्या की. पण लिहून घेतलीत तर 'उत्स्फूर्त प्रतिसाद' परत येईल, फक्त जास्त सफाईदार होऊन. तुमच्या वर्गात ती मुलगी काय म्हणाली हे त्याला कुठून माहीत असणार?

मुलांची नावं, फोटो, कविता

इथे माझ्या हातून एक चूक झाली आहे, ती आधी सांगते. एका मुलाच्या वहीच्या पानाचा फोटो मी टाकला. चूक समजावी म्हणून, हेतू चांगलाच. पानाच्या कोपऱ्यात त्याचं नाव आणि हजेरी क्रमांक होता, ते मला दिसलंच नाही. वर्गातल्या पालकांच्या गटात तो फोटो फिरला. त्याची आई शाळेत आली. भांडली नाही, फक्त म्हणाली, "त्याला आता सगळे 'शरिर' म्हणून चिडवतात." मी नोंद काढली, त्याची माफी मागितली, पण चिडवणं काही ब्लॉगवरून खोडता आलं नाही.

तेव्हापासूनचे माझे नियम. मुलाचं नाव, हजेरी क्रमांक, गाव, जात, घरची परिस्थिती यातलं काहीही नाही. 'एक मुलगा', 'खिडकीजवळची मुलगी' इतकंच. तेही ओळखू येण्यासारखं असेल तर तपशील बदलायचा किंवा दोन-तीन महिने थांबून लिहायचं. चेहऱ्याचे फोटो बंद. वहीतलं वाक्य दाखवायचं तर मी स्वतःच्या अक्षरात ते कागदावर उतरवते आणि त्याचा फोटो घेते. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालची व्यक्ती बालक धरली आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. पण कायदा नसता तरी त्या आईचं वाक्य मला पुरेसं होतं.

मुख्याध्यापकांना लेखी कळवा. दोन ओळींचं पत्र, पोच घेऊन. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना 1967 चे आणि राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना 1979 चे वर्तणूक नियम आहेत, ते एकदा वाचून ठेवा. निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहित्या, वरिष्ठांचे दौरे या सगळ्याचा राग प्रत्येकाला येतो आणि तो रास्तही असतो, पण तो या ब्लॉगवर आणू नका. एकदा का राग लिहायला लागलो की वर्ग लिहायचा राहून जातो. माझ्या तर दोन नोंदी तशा झाल्या होत्या आणि आज त्या वाचताना मला माझाच कंटाळा येतो.

कवितांचं काय? भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतात. केशवसुत 1905 साली गेले, बालकवी 1918 साली. त्यांच्या कविता पूर्ण द्यायला अडचण नाही. कुसुमाग्रज 1999 साली गेले, म्हणजे त्यांच्या कवितेवरच्या तासाबद्दल लिहिताना चर्चेपुरत्या दोन-चार ओळी घ्या, संपूर्ण कविता नको. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकाच्या पानांचे फोटो टाकायचीही गरज नसते. इयत्ता, पाठाचं नाव आणि पान क्रमांक दिला की वाचणारा शिक्षक पुस्तक उघडतो, ते त्याच्या टेबलावरच असतं.

किती आणि केव्हा

पंधरा दिवसांतून एक. त्याहून जास्त ठरवू नका, मोडतं. जून ते एप्रिल मिळून परीक्षा, स्नेहसंमेलन आणि पेपर तपासणीचे आठवडे वगळले तर वर्षात पंधरा-सोळा नोंदी होतात आणि तेवढ्या भरपूर झाल्या. वही मात्र रोज. ब्लॉग चुकला तर चालेल, वही चुकली की लिहायला काही उरत नाही.

वाचक

हजार वाचक नकोत, पाच हवेत. त्या पाचांपैकी दोन तरी दुसऱ्या जिल्ह्यातले असावेत. व्हॉट्सॲपच्या केंद्राच्या गटात नुसती लिंक टाकली की 'खूप छान मॅडम', 'सुंदर उपक्रम' आणि दोन हात जोडलेली चित्रं येतात. त्यातल्या निम्म्यांनी लिंक उघडलेलीही नसते. त्यापेक्षा प्रत्येकाला वेगळा निरोप पाठवा आणि त्यात एकच प्रश्न विचारा: "तुमच्या वर्गात 'शरिराला' लिहितात का?" उत्तर देणं सोपं जातं. नोंदीच्या शेवटीही असाच एक प्रश्न ठेवा, 'आपले अभिप्राय कळवावे' नको.

मला आलेली दोन उत्तरं सांगते. धुळे जिल्ह्यातल्या एका शिक्षकाने लिहिलं की त्यांच्या वर्गात अहिराणी बोलणारी मुलं 'माझं घर'च्या जागी 'मनं घर' लिहितात आणि ते त्याला चूक म्हणायचं थांबलेत. ते फळ्यावर दोन रकाने करतात, घरचं आणि पुस्तकातलं. दुसरं उत्तर अमेरिकेतून आलं. तिथल्या मराठी मंडळांच्या रविवारच्या शाळेत शिकवणाऱ्या एका ताईंनी विचारलं, "तुमच्या मुलांच्या कानाला 'विटेवरी' येतं, आमच्यांच्या कानावर ते पडलेलंच नाही. मग?" या एका 'मग'मुळे मला माझा उपाय कुणासाठी चालतो आणि कुणासाठी नाही ते पहिल्यांदा दिसलं. माझ्या स्वतःच्या वर्गातही परप्रांतातून आलेली चार मुलं आहेत, आणि मी त्यांनाही कानाच्याच भरवशावर सोडलं होतं.

तुम्ही दुसऱ्याचा ब्लॉग वाचाल तेव्हा सल्ला देण्याआधी एक प्रश्न विचारा. 'असं करून बघा' हे वाक्य आपल्या तोंडी इतकं बसलेलं असतं की समोरच्याने नक्की काय केलं हे ऐकायचंच राहतं. केंद्राच्या शिक्षण परिषदेत दहा मिनिटं मागून घेता आली तर एखादी नोंद वाचून दाखवा, फसलेल्या तासाचीच. आधी सगळे गप्प बसतात. मग कोणीतरी म्हणतं, "माझ्याकडे पण असंच झालं," आणि त्या दिवशीची परिषद जरा वेगळी होते.

दिवाळीत आणि एप्रिलमध्ये मागे वाचणं

हा टप्पा बहुतेकजण गाळतात आणि माझ्या मते ब्लॉगचा निम्मा उपयोग यातच आहे. प्रत्येक नोंदीला सुरुवातीपासून एक-दोन लेबलं लावत जा: 'सामान्यरूप', 'तत्सम', 'प्रकट वाचन'. सुट्टीत एकेका लेबलाखालच्या नोंदी तारखेच्या क्रमाने वाचा. सोबत एक कोरा कागद घ्या आणि त्यावर तीनच गोष्टी उतरवा: माझा कोणता अंदाज बदलला, कोणती गोष्ट मी 'पुढच्या सोमवारी करणार' म्हटलं आणि केलीच नाही, कोणतं मूल एकाही नोंदीत आलेलं नाही. हा तिसरा प्रश्न मला दर वेळी खाली मान घालायला लावतो. माझ्या पहिल्या वर्षाच्या नोंदींत मागच्या दोन बाकांवरचं जवळपास कोणीच नव्हतं. मी ज्यांच्याशी बोलत होते त्यांच्याबद्दलच लिहीत होते.

एवढं झालं की कृतिसंशोधनाचा, म्हणजे स्वतःच्या वर्गातल्या अडचणीवर शिक्षकाने केलेल्या छोट्या संशोधनाचा, आराखडा जवळजवळ तयारच असतो. समस्या, संभाव्य कारणं, केलेली कृती, पुरावा, फेरविचार, सगळं तारखेसकट. दरवर्षी मार्चमध्ये नेटवरून उचललेल्या कृतिसंशोधनाचं मुखपृष्ठ बदलण्यापेक्षा हे किती सोपं आहे ते एकदा करून बघा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान 50 तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा आहे आणि तो ज्याच्या-त्याच्या आवडीनुसार असावा असंही म्हटलंय. ब्लॉगचे तास आपोआप त्यात धरले जातील अशा भ्रमात राहू नका. पण मुलाखतीत, पदोन्नतीच्या वेळी किंवा नव्या शाळेत 'तुम्ही काय नवीन केलंत' असं विचारलं तर दाखवायला प्रमाणपत्रांच्या फाइलपेक्षा हे बरं. सेटिंग्जमधून वर्षातून दोनदा सगळ्या मजकुराची प्रत उतरवून घ्यायलाही विसरू नका.

माझ्या मसुद्यांत सध्या एक नोंद अर्धवट पडली आहे. तत्सम शब्दांच्या यादीचा तक्ता भिंतीवर लावला, मुलांनी स्वतः शब्द गोळा केले, 'शरीर' आणि 'गीत' बऱ्यापैकी सुधारलं. पण 'परीक्षा' काही केल्या सुधारेना. अर्धा वर्ग 'परिक्षा' लिहितो. कारण शोधत होते. गेल्या आठवड्यात एका मुलाला विचारलं, तू 'रि' ऱ्हस्व का लिहितोस? तो मला वर्गाबाहेर घेऊन गेला आणि सूचनाफलकाकडे बोट दाखवलं. खडूने मोठ्या अक्षरात: 'घटक चाचणी परिक्षा वेळापत्रक'. रोज येता-जाता सगळी शाळा ते वाचत होती.

त्या दिवशी फलकाची जबाबदारी असलेले सर रजेवर होते, म्हणून तो मीच लिहिला होता.